घरचा पाव नेमका कोणत्या घरचा?

पहाटे साडेपाचच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजतो. मोटारसायकलच्या मागे पेटी बांधून पाववाला आलेला असतो. दारे उघडतात. कोणी वाक्वाच्या पातीची तांत घेऊन येते, कोणी कापडी पिशवी, आणि मागणी बहुधा एकच असते : "चार मेझाँ." पॅं मेझाँ, म्हणजे अक्षरशः घरचा पाव. वाचकहो, यातली गंमत कधी तुमच्या ध्यानात आली आहे का? ज्याला आपण सगळे घरचा पाव म्हणतो, तो आपल्यापैकी कोणाच्याच घरी होत नाही. तो होतो बेकरीत, मध्यरात्रीनंतर पेटलेल्या भट्टीत, आणि पुष्कळदा अशा माणसाच्या हातून, ज्याचे स्वतःचे घर समुद्रापलीकडे आहे.

हा विषय सुचण्याचे कारण सांगतो. गणेशोत्सवाच्या तयारीसाठी आमच्या गावातली मंडळी जमली होती. वर्गणीचा हिशेब झाला, चहा आला, पाव-लोणी आले आणि बोलणे पावावर गेले. नुकतीच विजेची भट्टी घेतलेली एक सूनबाई म्हणाली, "बाहेरचा पाव खाणे म्हणजे आजार विकत घेणे. मी आता सगळा पाव घरीच करते." तिच्या मावशी म्हणाल्या, "तुला वेळ आहे ग बाई. मी सुपरमार्केटमधून कापलेला ब्रेड आणते, चार-पाच दिवस पाहावे लागत नाही." कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध काका म्हणाले, "हाताला चटका लागत नाही तो पावच नव्हे. बुलांजरीचा तोच खरा." तिघेही आपापल्या मताला चिकटून राहिले. मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी हसून विषय टाळला. घरी आल्यावर मात्र वाटले की टाळायला नको होते. कारण प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. तो आपल्या प्रकृतीचा आहे, पैशाचा आहे, घरातल्या बाईच्या श्रमाचा आहे आणि त्या रात्री जागणाऱ्या माणसाचाही आहे. तेव्हा जे त्या दिवशी बोललो नाही, ते आज लिहितो.

प्रथम एक गोष्ट आठवू. पाव हा आपल्या पूर्वजांचा पदार्थ नव्हता. १८३४ नंतरच्या दशकांत जे मराठी कुटुंबकबिले मुंबई बंदरातून या बेटावर आले, त्यांतले पुष्कळ कोकणातले होते, काही देशावरचे. त्यांच्या ओळखीची होती ती भात आणि भाकरी. तांदळाची, नाचणीची, ज्वारीची. 'पाव' हा शब्दसुद्धा मराठीत पोर्तुगीजांकडून आलेला आहे. गोव्यात पाव भाजणारा पोदेर आजही सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवीत दारोदार फिरतो. आपल्या पाववाल्याचा भोंगा ऐकताना गोव्याच्या माणसाला परके वाटणार नाही.

पण गोव्याबाहेरच्या जुन्या मराठी समाजाने या पावाला सहजासहजी घरात घेतले नव्हते. पाव खाल्ला तो बाटला, अशी समजूत होती. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी कोकणात पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. मुंबईत १८४९ साली निघालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे, आणि ही गोष्ट गुप्त ठेवावी लागे, इतके त्याचे भय होते. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली, एवढ्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले. ज्या काळात पुण्यात चहा-बिस्किटांवरून रण माजले होते, त्या काळात आपले पणजे-खापरपणजे उसाच्या मळ्यांतल्या कॅम्पात राहत होते. काळे पाणी ओलांडून आलेल्या माणसाला विटाळाची चैन परवडणारी नव्हती.

तरी इथेही मुख्य अन्न भातच होते. मजुरांच्या शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. उसाच्या जमिनीत मका, मॅनिओक, रताळी लावण्याची पाळी आली. तांदळाची वाट पाहत बसता येत नाही, हे तेव्हा बेटाने शिकून घेतले. फ्रेंचांनी आणलेला पाव शहरात होताच. तो हळूहळू खेड्यांतल्या चहाच्या वेळेत, मळ्यावरच्या न्याहारीत, पोरांच्या डब्यात शिरला. आज गातो पिमाँ घातलेला पाव खाल्ल्याशिवाय आपल्यातल्या कित्येकांची सकाळ होत नाही. पाव आपल्याकडे पाहुणा म्हणून आला आणि घरचा झाला. तेव्हा तो परका म्हणून टाकण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच की कोणता घ्यावा.

आधी दुकानातल्या कापलेल्या ब्रेडचे पाहू. त्याला एकदम नावे ठेवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. घरात एकटी राहणारी म्हातारी आजी, पाळ्यांवर काम करणारे नवरा-बायको, चक्रीवादळाचा इशारा लागला की धावपळ करणारे घर, या सर्वांना टिकणाऱ्या पावाचा उपयोग आहे. पण तो टिकतो कशाने, हे माहीत असावे. बुरशी लागू नये म्हणून त्यात कॅल्शियम प्रोपिओनेटसारखे द्रव्य घालतात, मऊपणा राहावा म्हणून इमल्सिफायर घालतात, शिवाय थोडी साखर आणि थोडी चरबी. इंग्लंडमध्ये १९६१ साली चॉर्लीवुड इथे एक पद्धत निघाली. तिच्यात यंत्राने पीठ इतक्या वेगाने घुसळतात की ते आंबवण्याचे तासन् तास वाचतात. जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांनी ती उचलली. वेळ वाचला, पण चव ज्या आंबण्यातून येते ते आंबणेच वाचले.

ही द्रव्ये मर्यादेत असली तर ती विष नव्हेत, हेही म्हटले पाहिजे. पण सावध राहावे. भारतात २०१६ साली दिल्लीच्या एका संस्थेने बाजारातले पाव तपासले, तेव्हा पुष्कळ नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचा अंश निघाला. त्याच वर्षी भारत सरकारने पावात ब्रोमेट घालण्यास बंदी केली. तोपर्यंत लोक तो पाव निर्धास्तपणे खातच होते.

माझाच अनुभव सांगतो. डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले, तेव्हा मी मोठ्या निष्ठेने तपकिरी ब्रेड खाऊ लागलो. पांढऱ्यापेक्षा महाग, म्हणून अधिक चांगला असणार, असा साधा हिशेब. तीन महिन्यांनी रक्त तपासले, साखर होती तिथेच. मग चष्मा लावून पाकीट वाचले. पहिले नाव साध्या गव्हाच्या पिठाचे, म्हणजे मैद्याचे. कोंडा बराच मागे. आणि रंगासाठी कॅरॅमल. पी हळद आणि हो गोरी, तसा माझा प्रकार झाला होता. तेव्हापासून एक नियम केला आहे. पाकिटावर फ्रेंचमध्ये नुसते 'फारिन द ब्ले' असेल तर तो मैदा समजावा. 'कोंप्ले' हा शब्द यादीच्या आरंभी असेल तरच पूर्ण गव्हाचे पीठ. रंगावर जाऊ नये.

आता बेकरीचा पाव. त्याची मोठी बाजू अशी की तो टिकत नाही. सकाळचा पाव संध्याकाळी चामट होतो, म्हणूनच दुपारी पुन्हा भट्टी लागते आणि चार वाजता पुन्हा रांग लागते. जे आज खाऊन संपायचे आहे, त्यात टिकवण्याची द्रव्ये घालण्याचे कारण उरत नाही. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, एवढ्यावर चांगला पाव होतो. पण इथेही डोळे मिटून विश्वास टाकू नये. दुकानातल्या पाकिटावर यादी तरी छापलेली असते. बेकरीच्या पावावर काहीच नसते. पीठ लवकर फुलावे म्हणून कोणी काय घालतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारण्यात लाज कसली? तो आपला शेजारी आहे.

लाकडाच्या भट्टीचे गोडवे गाणारेही आपल्यात आहेत. जुन्या भट्टीची आठवण मलाही गोड वाटते. परंतु त्या धुराचीही किंमत असते. मुंबईच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा हुकूम दिला, तो हवेच्या काळजीपोटीच. पावाची चव मुख्यतः येते ती पीठ सावकाश आंबल्यामुळे आणि कवच नीट भाजल्यामुळे. घाईचा पाव लाकडावर भाजला तरी घाईचाच.

बेकरीच्या पावाबद्दल दोन गोष्टी मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. पहिली त्याच्या भावाची. आपल्या देशात पावाचा भाव बाजारावर सोडलेला नाही. अनेक दशके तो सरकार ठरवीत आले आहे आणि पिठासाठी तिजोरीतून पैसा देत आले आहे. बेटावर गहू पिकत नाही. दाणा न् दाणा जहाजाने येतो. १९८२ साली स्थापन झालेल्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे आयातीची जबाबदारी आली, ती याच साठी. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि जगभर गव्हाचे भाव चढले, तेव्हा या व्यवस्थेचे मोल कळले. गरिबाच्या घरात पाव पोचतो तो यामुळे, आणि ते योग्यच आहे. पण भाव बांधलेला, वीज-गॅस-मजुरी मात्र वाढती, अशा कात्रीत छोटा बेकरीवाला सापडतो. मग पाव वजनाला हलका होतो, किंवा भट्टीवरची माणसे कमी होतात, किंवा बेकरीच बंद पडते. गावातली बेकरी बंद पडली की आपण हळहळतो आणि गाडी काढून सुपरमार्केटला जातो.

दुसरी गोष्ट त्या हातांची. रात्री उठून पीठ मळायला आता आपली मुले जात नाहीत. शिकलेल्या मुलांनी जावे असे मीही म्हणणार नाही. त्यामुळे आज कितीतरी बेकऱ्यांत बांगलादेशातून, भारतातून करारावर आलेले तरुण काम करतात. करारावर आलेले! हा शब्द आपल्या कानांना ओळखीचा वाटायला हवा. आपण दरवर्षी २ नोव्हेंबरला आप्रवासी घाटावर फुले वाहतो, त्या पायऱ्या चढून आलेल्यांच्या हालांच्या गोष्टी मुलांना सांगतो. आणि मग पहाटे मिळणारा पाव कोणी मळला, तो कुठे झोपतो, त्याला वेळेवर पगार मिळतो की नाही, हे विचारीत नाही. गिरमिटियांच्या पणतवंडांना हे शोभत नाही. बेकरीचा पाव घ्यावा, अवश्य घ्यावा. पण जिथे कामगारांना माणसासारखे वागवतात, तिथला घ्यावा. गाव लहान असते. कोण कसे वागवतो, हे सगळ्यांना ठाऊक असते.

आता राहिला घरी भाजलेला पाव. त्याचा वास घरभर सुटला की मुले अभ्यास टाकून स्वयंपाकघरात येतात, हे सुख मान्य आहे. मीठ आपल्या हातात राहते, हाही मोठा लाभ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते, आणि शंभर ग्रॅमच्या एका पावात साधारण एक ग्रॅमच्या वर मीठ असते. सकाळी दोन आणि चार वाजता एक पाव खाणाऱ्याचे निम्म्याहून अधिक मीठ पावातच संपले. अचार आणि खारी मासळी अजून वाढायचीच आहे.

परंतु घरच्या पावाबद्दल एक भ्रम पसरतो आहे, तो बोलून दाखवला पाहिजे. घरी भाजला म्हणून मैद्याचा गहू होत नाही. पांढऱ्या पावाच्या शंभर ग्रॅममध्ये पन्नास ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते, मग तो बेकरीतला असो, पाकिटातला असो की सूनबाईंच्या नव्या भट्टीतला. रक्ताला भट्टीचा मालक कळत नाही. ज्या देशात दर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे, तिथे 'घरचा आहे, घे अजून एक' हे प्रेमाचे वाक्य जपून बोलावे. पाव कुठला, याच्या इतकेच महत्त्वाचे आहे पाव किती आणि कशाबरोबर. एक पाव, बरोबर वाटीभर डाळ आणि ब्रेद मुरुमची भाजी, म्हणजे आपला शेवग्याचा पाला, हे जेवण झाले. तीन पाव आणि साखरेचा चहा, ही नुसती भर झाली.

दुसरा मुद्दा श्रमाचा. 'सगळा पाव घरीच' असे ठरते, तेव्हा मळणार कोण? शंभरातल्या नव्वद घरांत उत्तर एकच असते. आमची आजी उसाच्या शेतात जाण्याआधी तीन वाजता उठून चूल पेटवीत असे. दिवसभर कोयता चालवून संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसत असे. ती गेल्यावर सगळे तिच्या हाताच्या चवीबद्दल बोलले; तिच्या झोपेबद्दल कोणी बोलले नाही. पाववाल्याचा भोंगा गल्लीत वाजू लागला, तेव्हा तिच्यासारख्या बायकांना एक तास झोप जास्त मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. आज नोकरी करणाऱ्या सुनेने ती झोप परत द्यावी, आणि तीही आरोग्याच्या नावाखाली, असे मला वाटत नाही. ज्या घरात पुरुष आणि मुलगे पीठ मळायला उभे राहतात, त्या घराने खुशाल रोज पाव भाजावा.

मग घरी काही करूच नये का? करावे. आणि का करावे, हे २०२० साली आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वर्षी मार्चच्या २० तारखेला टाळेबंदी लागली आणि २४ तारखेला दुकाने, सुपरमार्केटे आणि बेकऱ्यासुद्धा बंद झाल्या. पहाटेचा भोंगा थांबला. वादळातही एखाद-दुसऱ्या दिवसात परत येणारा पाव या वेळी आठवडाभर दिसला नाही. पुढे एप्रिलच्या आरंभी सुपरमार्केटे उघडली, तीही आडनावाच्या आद्याक्षरांप्रमाणे वार वाटून. त्या दिवसांत कितीतरी घरांत पीठ होते, गॅस होता, पण हात नव्हता. तरुण मुले फोनवरून आजीला विचारीत होती, पाणी किती घालायचे? आणि ज्या घरात आजी नव्हती, तिथे बिस्किटांवर दिवस निघाले.

माझ्या घरात त्या आठवड्यात यीस्ट मिळाले नाही, तेव्हा पत्नीने तांदळाचे पीठ काढले. भांडेभर पाण्याला उकळी आणली, मीठ टाकले, तेवढेच पीठ घालून झाकण ठेवले, आणि ती उकड परातीत घेऊन पाण्याच्या हाताने मळली. भाकरी थापून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले, उलटली आणि आचेवर फुगवली. माझा नातू, ज्याने भाकरी हा शब्द फक्त मराठीच्या पुस्तकात वाचला होता, डोळे विस्फारून पाहत होता. त्याने विचारले, "हा आपला पाव आहे का?" मी म्हणालो, "हो, हाच आपला पॅं मेझाँ."

वाचकहो, मला जे म्हणायचे आहे ते हेच. मराठी माणसाचा घरचा पाव भट्टीतला नसून तव्यावरचा आहे. त्याला यीस्ट लागत नाही, वीज लागत नाही, तासभर फुलण्याची वाट पाहावी लागत नाही. १९६० च्या कॅरोल वादळानंतर किंवा १९७५ च्या जेर्व्हेझ वादळानंतर ज्यांनी दिवसेंदिवस विजेविना काढले, त्यांना विचारा तेव्हा घरात काय शिजत होते. फराता, पोळी, भाकरी, घावन. पीठ जहाजाने येते, गॅसही जहाजाने येतो; त्यांवर आपला ताबा नाही. हातातली विद्या मात्र कोणत्याही जहाजाची वाट पाहत नाही. ती एका पिढीत गेली की पुढच्या पिढीला ती विकत घ्यावी लागते, आणि प्रत्येक दुकानात ती मिळत नाही.

तेव्हा सूनबाईंना, मावशींना आणि काकांना आज माझे उत्तर असे आहे.

रोजचा पाव बेकरीचा घ्यावा. जवळच्या, ओळखीच्या, माणसे नीट वागवणाऱ्या बेकरीचा. लागेल तेवढाच घ्यावा. उरला तर फ्रिजच्या थंड कप्प्यात ठेवू नये, तिथे पाव लवकर शिळा होतो. बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि लागेल तेव्हा गरम करावा. अगदीच वाळला तर पुडिंग आहेच. मधुमेह असेल त्याने बेकरीवाल्याला पूर्ण गव्हाचा पाव करायला सांगावे. दहा घरांनी मागितला तर तो करील. त्याचा धंदाच आहे.

पाकिटातला ब्रेड अडीअडचणीसाठी ठेवावा. वादळाचा इशारा लागला, घरात आजारी माणूस आहे, दोघेही रात्रपाळीला आहेत, अशा वेळी तो उपकारी आहे. पण यादी वाचूनच घ्यावा, आणि त्याला सवय होऊ देऊ नये.

आणि आठवड्यातून एक दिवस, रविवार म्हणा हवा तर, घरच्या हाताने पीठ मळले जावे. हौस असेल त्याने पाव भाजावा : अर्धा किलो पीठ, तीनशे मिलिलिटर कोमट पाणी, दहा ग्रॅमपेक्षा थोडे कमी मीठ आणि लहान पुडी यीस्ट. उन्हाळ्यात पोर्ट लुईला ते तासाभरात फुलते. हिवाळ्यात वाक्वा-क्युरपीपच्या गारठ्यात दुप्पट वेळ द्यावा. मग लहान पाव करून २२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावेत. नाहीतर सरळ तवा ठेवावा आणि भाकरी थापावी. मात्र त्या दिवशी परातीपुढे आई एकटी नसावी. मुलगा असावा, नातू असावा, आणि त्याच्या वडिलांनीही बाह्या वर कराव्यात. पहिली भाकरी नकाशासारखी होईल, दुसरी फाटेल, पाचवी फुगेल. तेवढा धीर धरावा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा भाकरीवर काय अडले आहे? पुढच्या गणेशोत्सवात घरी उकडीचे मोदक कोण करणार, हा प्रश्न मनाला विचारून पाहा. मोदकाची उकड आणि भाकरीची उकड एकाच हाताने निघते. जो हात वर्षभर पिठाला लागला नाही, त्याला चतुर्थीच्या सकाळी एकदम कळ्या पडत नाहीत. आजच आपल्यातली काही घरे मोदकांची ऑर्डर देऊ लागली आहेत.

पुढच्या बैठकीत पाव-लोणी समोर येईल, तेव्हा मी विषय टाळणार नाही. सूनबाईंना सांगेन, भट्टी वाया गेली नाही, रविवारी नवऱ्याला तिच्यापुढे उभे करा. मावशींना सांगेन, पाकीट आणा, पण चष्मा लावून. आणि काकांना सांगेन, उद्या पहाटे भोंगा वाजेल तेव्हा चार मेझाँ घेताना पाववाल्याला एवढे विचारा की काल रात्री भट्टीवर कोण होते, आणि त्याचे नाव काय. ज्याच्या हातचे रोज खातो, त्याचे नाव आपल्याला ठाऊक असावे.